भिंतीवरची अर्धी सावली

१

फोन आला तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते आणि माझ्या टेबलावर आदल्या दिवसाचे तीन अहवाल सहीसाठी पडले होते. एका गॅलरीत शिल्प अंगावर पडून माणूस गेला आहे, एवढंच कळलं. गाडीत हवालदारांनी विचारलं, शिल्प म्हणजे पुतळाच ना, कुणाचा आहे? मी म्हटलं, गेल्यावर बघू.

पुतळा कुणाचाच नव्हता. जुन्या छापखान्याच्या लांबलचक शेडला पांढरा रंग देऊन ती गॅलरी केली होती, आणि दोघा कलावंतांचं एकत्र प्रदर्शन तिथे त्याच संध्याकाळी उघडायचं होतं. डावीकडे शिल्पकाराची लोखंडी कामं होती: घन, त्रिकोण, एकमेकांत अडकलेल्या चौकटी. उजवीकडे आणि दारासमोरच्या भिंतीवर एका आर्किटेक्टची कामं: प्लास्टरच्या कमानी, लाकडी खिडक्या, आणि छताला पोचायच्या आतच संपणारे जिने. या घरात राहणार कोण, असं हवालदार पुटपुटले. मग मधोमध काय झालंय ते त्यांना दिसलं आणि त्यांनी टोपी काढली.

मधोमध गुडघाभर उंचीचा लाकडी चौथरा होता, त्याला ताजा करडा रंग दिलेला. त्यावर या प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं शिल्प उभं असायला हवं होतं. एकातून एक काढलेल्या तीन लोखंडी चौकटी, दीड पुरुष उंच, मुद्दाम पुढे कललेल्या. ते पालथं झालं होतं. अँब्युलन्सच्या माणसांनी छताच्या तुळईवरच्या चेनपुलीने ते उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि शिल्पकार फरशीवर तसाच होता. पन्नाशीचा, सडसडीत. त्याच्या ताठ स्वभावामुळे मित्र त्याला 'काटकोन' म्हणायचे, हे मला नंतर कळलं. त्याच्या डाव्या मुठीत एक मऊ खोडरबर होतं, आणि ती मूठ सोडवायला डॉक्टरांना बराच वेळ लागला.

चौथऱ्याच्या लाकडाला चार भोकं होती. त्यांच्या कडा स्वच्छ होत्या, कुठे ढलपी निघालेली नव्हती. शिल्पाच्या तळाच्या प्लेटलाही तशीच चार भोकं. बोल्ट एकाही भोकात नव्हता. कोपऱ्यात सुताराची पेटी होती, ती उघडली तर वरच एका फडक्यात चार लांब बोल्ट नटांसकट गुंडाळून ठेवलेले मिळाले.

तेवढ्यात पेटीचा मालकच दारात आला, हातात पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन. साठी उलटलेला माणूस, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तीस वर्षं शहरातल्या बहुतेक प्रदर्शनांचे चौथरे त्याच्याच हातचे. त्याने आधी फरशीकडे पाहिलं, मग फडक्याकडे. "मी बसवले होते," एवढंच म्हणाला आणि होता तिथेच खाली बसला.

मला सगळं सरळ वाटलं. वय झालेला माणूस, घाईचं काम, विसरला. निष्काळजीपणामुळे मृत्यू. मी त्यांना गाडीत बसवलं, चार ओळींचा जबाब घेतला आणि दुपारच्या जेवणाला वेळेवर घरी पोचले. त्या जेवणाची मला आजही लाज वाटते.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींची मुलगी आली. शाळेत गणित शिकवते. रडारड करणाऱ्यांतली नव्हती. समोर बसली आणि म्हणाली, "उद्या तुम्ही बाबांना कोर्टात उभं करणार. ते गुन्हा कबूल करून टाकतील. केला म्हणून नाही. त्यांचा आता स्वतःवरच भरवसा उरलेला नाही, म्हणून."

मी कोठडीत जाऊन बघितलं तर तिचं म्हणणं खरंच होतं. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून बसले होते. शेवटचा नट आवळल्याचं हाताला अजून आठवतंय, म्हणाले, पण बोल्ट माझ्याच पेटीत निघाले ना? मग माझंच डोकं गेलं असणार. लिहून घ्या, मॅडम.

मी लिहून घ्यायलाच बसले होते. त्याआधी जप्त मालाची यादी पुरी करावी म्हणून बोल्टांचं पाकीट उघडलं आणि लिहिलं, 'लोखंडी बोल्ट चार, डोकी करड्या रंगाची.' आणि हात थांबला. दुकानातून आणलेल्या बोल्टाचं डोकं करडं कसं असेल? तेही फक्त डोकं?

परत कोठडीत गेले आणि त्यांनाच विचारलं. ते माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघत राहिले.

"बोल्ट आवळून झाले की डोक्यांवर प्लेटच्याच रंगाचा हात मारतो. नाहीतर चमकतात, लोकांचं लक्ष तिकडे जातं. आधी रंगवून चालत नाही, पाना लावला की रंग निघतो."

मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. चारही डोक्यांवर रंग होता, आणि चारही डोक्यांच्या कोपऱ्यांवर तो पान्याने खरवडला गेला होता. मिस्त्रींनी प्रत्येक बोल्ट बोटांत फिरवून पाहिला. मग त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे मी बसवले होते," ते म्हणाले.

बसवले होते, रंगवले होते, आणि नंतर कुणीतरी ते काढले होते. मी तडक वरच्या साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, रंगाचं काय, कसाही लागतो. काढले असतील तर कुणी काढले त्याचं नाव उद्या सकाळपर्यंत आणा, नाहीतर म्हातारा कोर्टात जाईल. मी बाहेर पडत होते तेव्हा टेबलावर शवविच्छेदनाचा अहवाल येऊन पडला. त्यात एक ओळ अशी होती की छाती दबून मृत्यू झाला, पण तो लगेच नाही. अर्धा तास, कदाचित थोडा जास्त, तो माणूस त्या लोखंडाखाली जिवंत होता.

३

शेडच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: गॅलरीच्या संचालक बाई, शिल्पकार आणि आर्किटेक्ट. मिस्त्रींकडे नव्हती, ते रोज सकाळी पायरीवर बसून कुणीतरी यायची वाट बघत.

संचालक बाईंनी मला कॉफी दिली आणि दोघा कलावंतांमध्ये किती प्रेम होतं ते वीस मिनिटं सांगितलं. प्रेम नुसतं उतू जात होतं. आदल्या दिवशी आपण सहा वाजताच घरी गेलो, असंही त्या दोनदा म्हणाल्या. एखादी गोष्ट न विचारता दोनदा सांगितली की मी ती वहीत दोनदाच लिहून ठेवते.

आर्किटेक्ट स्वतःहून चौकीत आला. उंच, नीटनेटका, अतिशय मवाळ बोलणारा. मेलेला त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. बोलता बोलता त्याने माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फाइलच्या बरोबर मध्यावर ठेवला, आणि पेनाचा डबा टेबलाच्या कडेशी समांतर केला. आपण काय करतोय हे त्याला कळतही नव्हतं. तो म्हणाला, आदल्या संध्याकाळी थोडा वेळ एकटाच थांबलो, मग कुलूप लावून निघालो. सकाळी नऊ वाजता घर सोडलं, नऊ दहाला दार उघडलं, समोर हे दृश्य. नऊ बाराला अँब्युलन्सला फोन केला. त्याआधी आत पाऊल टाकलेलं नाही. मिस्त्रींबद्दल तो वाईट बोलला नाही. वय झालंय हो, एवढंच म्हणाला, आणि ते फार चांगल्या आवाजात म्हणाला.

त्याच्या बायकोला मी तिच्या घरी भेटले. भावाचा फोटो समोर घेऊन बसली होती. लहानपणी हा घरातले सगळे गालिचे भिंतीला काटकोनात आहेत का ते तपासायचा, म्हणाली, आणि हसताना तिचा चेहरा वेडावाकडा झाला. नवरा केव्हा निघाला? नऊला. नक्की? नक्की. उत्तर फारच पटकन आलं, पण दुःखात माणूस कसाही बोलतो म्हणून मी ते सोडून दिलं.

निघता निघता मी तिला विचारलं की भावाच्या हातात खोडरबर कशासाठी होतं.

"सावली पुसायला," ती म्हणाली.

४

शिल्पकाराची ती रीत होती आणि त्याच्या जवळच्या सगळ्यांना ती माहीत होती. शिल्प उभं केलं की त्याची सावली भिंतीवर नेमकी कुठे पडायला हवी तिथे तो पेन्सिलीने बारीक रेघ आखायचा. दिवे लावणाऱ्यांनी दिवा हलवला की रेघेवरून चूक कळायची. सावली हा शिल्पाचाच भाग आहे, असं त्याचं म्हणणं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी तो एकटा यायचा आणि स्वतःच्या हाताने ती रेघ पुसायचा.

मी हवालदारांना घेऊन शेडवर गेले. डाव्या भिंतीवर रेघ होती, पण वरची अर्धीच. खालची अर्धी पुसलेली, आणि तिथे काळपट डाग फरफटलेला. रेघ पुसता पुसता हा माणूस थांबला, चार पावलं चालून शिल्पापाशी गेला, खोडरबर मुठीतच राहिलं. का थांबला?

संचालक बाईंना बोलावून घेतलं आणि सहा वाजता घरी गेल्याची गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला लावली. तिसऱ्या वेळी त्या रडल्या. आदल्या संध्याकाळी सात दहाला त्यांनी फोनवर सगळ्या दालनाचे फोटो काढले होते, ते दाखवले. फोटोत शिल्प उभं होतं, रेघ पूर्ण होती, आणि सावली रेघेवर तंतोतंत बसली होती. मग खोटं का बोललात? कारण, त्या म्हणाल्या, त्या वेळी आर्किटेक्ट तिथे होता आणि गेले तीन दिवस या दोघांचं त्या शिल्पाच्या जागेवरून भांडण चालू होतं. ते बाहेर आलं तर प्रदर्शनाची अब्रू जाईल, असं त्यांना वाटलं. माणूस गेल्यावरही लोकांना कसली काळजी असते ते ऐकून मला उठून जावंसं वाटलं.

मग आम्ही ते शिल्प परत उभं केलं. चेनपुली एकट्या माणसालाही चालवता येते. हवालदारांनी एका हाताने साखळी ओढली आणि ते धूड अलगद वर गेलं. भोकावर भोक जुळवून खाली सोडलं, दिवा लावला. सावली उरलेल्या अर्ध्या रेघेवर अचूक पडली. म्हणजे मिस्त्रींनी बसवलं होतं तिथे काहीच चूक नव्हती. रेघ पुसणाऱ्याला थांबायचं कारण नव्हतं.

"मॅडम, इकडे बघा," हवालदार चौथऱ्यापाशी वाकून म्हणाले.

चौथऱ्याचा करडा रंग त्या संध्याकाळी पुरता वाळलेला नव्हता. शिल्प पडल्यावर त्यावर धूळ बसली होती, आणि पहिल्या दिवशी मी फक्त भोकं बघितली होती. आता धूळ झटकल्यावर रंगात एक चौकोनी ठसा दिसला, जड प्लेटच्या कडांचा. भोकांपासून वीतभर उजवीकडे. आम्ही शिल्प उचलून त्या ठशावर आणलं आणि पुलीला टांगतं ठेवूनच मी दारात जाऊन उभी राहिले.

दार, शिल्प आणि समोरच्या भिंतीवरची आर्किटेक्टची सगळ्यात मोठी प्लास्टरची कमान एका सरळ रेषेत आली होती. मधल्या रिकाम्या चौकटीतून ती कमान पूर्ण दिसत होती. आधीच्या जागेवर शिल्पाने ती अर्धी झाकली होती. आणि भिंतीवरची सावली रेघेपासून वीतभर सरकली होती.

आता त्या सकाळी काय झालं ते मला समोर दिसत होतं. काटकोन रेघ पुसत होता. खालून वर जाताना त्याच्या ध्यानात आलं की सावली रेघेवर नाहीच. तो शिल्पापाशी गेला आणि हलवलंय की काय बघायला त्याने ते दोन्ही हातांनी धरलं. नव्या जागी भोकं नव्हती, त्यामुळे बोल्टही नव्हते. पुढे कललेलं लोखंड त्याच्या अंगावर आलं.

हलवलं कुणी याबद्दल मला शंका उरली नव्हती. वीतभर वाकडं ज्याला बघवत नाही असा माणूस माझा पेपरवेट सरळ करून गेला होता. पण शंका नसणं वेगळं आणि पुरावा वेगळा. शिवाय हा फार तर मूर्खपणा झाला. तो लपवायला एका म्हाताऱ्याला आत जाऊ द्यावं, एवढं मोठं त्यात काय होतं?

५

चौकीत येऊन मी मिस्त्रींचा पहिल्या दिवशीचा चार ओळींचा जबाब पुन्हा वाचला. तिसरी ओळ अशी: 'रंग आणायला गेलो होतो म्हणून उशीर झाला.' मी ती स्वतःच्या हाताने लिहिली होती. रंग कुणी मागितला, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

आता विचारलं.

"आर्किटेक्ट साहेबांनी," मिस्त्री म्हणाले. "आठ वीसला फोन आला, मी बसमधून उतरत होतो. म्हणाले, डाव्या भिंतीवर पेन्सिल पुसल्याचा डाग पडलाय, वाईट दिसतोय. पांढरा रंग घेऊनच या."

तो डाग त्याच सकाळी पडला होता. आदल्या संध्याकाळच्या फोटोत रेघ अख्खी होती. काटकोनच्या फोनवरून त्या सकाळी कुणालाही फोन गेलेला नव्हता, ते आम्ही आधीच तपासलं होतं. म्हणजे त्या डागाबद्दल सांगू शकेल असा माणूस एकच, ज्याने तो स्वतः पाहिला. आठ वीसला आर्किटेक्ट शेडच्या आत होता, आणि अँब्युलन्सला फोन गेला नऊ बाराला.

६

मी त्याला चौकीत बोलावलं नाही, सकाळी लवकर त्याच्या घरी गेले. त्याची बायकोही तिथे हवी होती.

कॉल रेकॉर्ड टेबलावर ठेवून मी सगळं क्रमाने सांगितलं. रेघ, ठसा, बोल्टांवरचा रंग, पांढरा डबा. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. मी बायकोला पुन्हा विचारलं, हे घरातून केव्हा निघाले होते? ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, पावणेआठला. पोलीस उगाच खोदत बसतील म्हणून नऊ सांग, असं यांनीच सांगितलं होतं.

मग तो बोलायला लागला. त्याच मवाळ आवाजात. संध्याकाळी पुलीने शिल्प सरकवलं. सकाळी मिस्त्री आले की काटकोन यायच्या आत नवी भोकं पाडून घेऊ, हा बेत. बोल्ट खिशातच होते. पण काटकोन आधीच येऊन पोचला होता. आठ दहाला दार उघडलं तेव्हा हवेत धूळ अजून तरंगत होती.

"तो बोलला का?" बायकोने विचारलं.

त्याने कॉल रेकॉर्डचा कागद टेबलाच्या कडेशी समांतर केला.

"माझा भाऊ बोलला का तुमच्याशी?"

"म्हणाला, भाऊजी, पुली." तो फरशीकडे बघत होता. "मी पुलीपाशी गेलो. खरंच गेलो. मग वाटलं, लोक येतील, बघतील, बोल्ट कुणी काढले विचारतील. इमारत उभी राहील म्हणून मी सही करतो. उद्या माझी सही कोण मानणार? म्हटलं, पाच मिनिटं विचार करू. मिस्त्री येऊन टपकले असते म्हणून त्यांना रंग आणायला पाठवलं. बोल्ट पेटीत ठेवले. तोवर तो मला हाका मारत होता. पावणेनऊच्या सुमाराला थांबला."

ती उठली. मला वाटलं, त्याला मारेल. तिने टेबलावरचा भावाचा फोटो उचलला, छातीशी धरला आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घेतली. हवालदारांनी आर्किटेक्टच्या दंडाला धरलं. जिना उतरेपर्यंत आतून रडण्याचा आवाज आला नाही.

त्याच दुपारी मिस्त्रींना सोडलं. साहेबांनी स्वतः त्यांची माफी मागितली, मीही मागितली. मुलगी घ्यायला आली होती. त्यांच्यावर आता काही डाग नाही, असं मी तिला दोनदा सांगितलं. मिस्त्रींनी कागदावर सही केली, पेन मला परत दिलं आणि विचारलं, "शिल्पकार साहेब गेले केव्हा, मॅडम?"

माहीत नाही म्हणता आलं असतं. पण या माणसाशी आता आणखी खोटं बोलवेना. म्हटलं, पावणेनऊच्या सुमारास.

त्यांनी मनाशी हिशोब केला. तो मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता आणि थांबवता येत नव्हता.

"साडेआठला मी रंगाच्या दुकानाच्या पायरीवर होतो. शेडपासून पाच मिनिटं. पुलीने उचलायला दोन. दुकान साडेनऊला उघडतं. पण मालक आत होता, त्याने मला बघितलं. म्हणाला, मिस्त्री, तुमच्यासाठी आत्ता उघडतो, डबा घ्या आणि जा."

"बाबा, चला," मुलगी म्हणाली.

"मी म्हटलं, राहू द्या हो. घाई नाही."

मुलीने त्यांचा हात धरला आणि ती दोघं पायऱ्या उतरून रस्त्याला लागली.